सुरीच्या मुठीसाठी ग्लू आणि पिना: काय घ्यावं, काय टाळावं, सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होऊन जाईल. घरच्या किंवा शेतातल्या सुरीला नवीन मूठ बसवायची असेल तर ग्लू म्हणून अ‍ॅरल्डाइट स्टँडर्ड घ्या, तोच जुना, रात्रभर सुकत ठेवावा लागतो तो, आणि पिनसाठी स्टेनलेसचा ३.२ एमएमचा टिग वेल्डिंगचा फिलर रॉड. ह्याच्यापेक्षा दिसायला भारी सामान बाजारात भरपूर आहे, त्यातलं काही खरंच छान आहे आणि त्याबद्दल पण लिहितो, पण नवीन माणसाने ह्या जोडीपासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

मी मुख्यतः फुल टँग सुरीबद्दल बोलतोय, म्हणजे पात्याचं स्टील मुठीच्या टोकापर्यंत सलग जातं, मुठीतल्या त्या भागाला टँग म्हणतात, आणि दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या बसतात, ज्यांना सगळे स्केल म्हणतात. बाजारात लोहाराकडे मिळणारी सुरी किंवा कोयता, ज्याची शेपटी लाकडात घुसवलेली असते आणि तोंडाला शेंबी, म्हणजे धातूचं कडं, असते, त्याचं गणित थोडं वेगळं आहे, ते पुढे येईल.

ह्या विषयात दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते ग्लू चांगला असला की पिन नुसती शोभेची, दुसरी म्हणते पिन नीट ठोकली की ग्लूची गरजच काय. मला दोन्ही पटत नाहीत कारण दोघांची कामं वेगळी आहेत. ग्लूचं सगळ्यात मोठं काम म्हणजे स्टील आणि लाकडाच्या मधे पाणी जाऊ न देणं, चिकटवणं हे त्यानंतर. आणि पिनचं काम म्हणजे स्केल मागे पुढे सरकू न देणं, सुरी फरशीवर पडली किंवा नारळावर दणका बसला तर तो झटका झेलणं, कारण इपॉक्सी, म्हणजे अ‍ॅरल्डाइटसारखा रेझिन आणि हार्डनर मिसळून लावायचा ग्लू, सरळ ओढलं तर भयंकर ताकद दाखवतं पण एका कडेने उचकटलं की पटकन हार मानतं. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, स्टील मात्र जागचं हलत नाही, म्हणजे ही ओढाताण वर्षभर चालू असते आणि ती झेलायला दोघंही लागतात.

दुरुस्तीला आलेल्या सुऱ्या उघडताना हे डोळ्यांनी दिसतं. सैल झालेल्या स्केलखाली पातळ पटाशी घातली की बऱ्याचदा अख्खं स्केल एका झटक्यात सुटून येतं. आत बघितलं तर ग्लूचा पापुद्रा लाकडाला अजून घट्ट चिकटलेला असतो आणि स्टीलवर त्याचा मागमूस नसतो, स्टील आरशासारखं गुळगुळीत, कडेकडेने आत शिरलेला तपकिरी गंज, आणि पिनच्या भोकाभोवती त्याचा सगळ्यात जाड थर. म्हणजे ग्लूने लाकूड पकडलं होतं, स्टीलला तो कधी चिकटलाच नव्हता. हे दिसलं की मी ग्लूच्या ब्रँडला दोष देत नाही, टँग खरवडलेला नव्हता किंवा तेलकट होता हे आधी कळतं. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवे तिडवे ओरखडे काढायचे, मग अ‍ॅसिटोनने पुसायचं, कापडावर काळं येणं थांबेपर्यंत पुसायचं आणि त्यानंतर हात लावायचा नाही. पेंटवाल्यांचा थिनर ह्यासाठी वापरू नका, स्वस्तातल्या थिनरमध्ये काय काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही आणि काही सुकल्यावर चिकट थर सोडतात.

आता अ‍ॅरल्डाइटकडे येऊ. मूळ ब्रँड स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीचा, भारतात २०२० मध्ये तो पिडिलाइटने घेतला, त्यामुळे आता फेव्हिक्विक, एम-सील, फेव्हिटाइट आणि अ‍ॅरल्डाइट सगळं एकाच घरातलं आहे आणि काही दुकानदार "सगळं सेमच आहे हो साहेब" म्हणून जे शिल्लक असेल ते हातात देतात. सेम अजिबात नाही. पॅकवर स्टँडर्ड लिहिलंय का बघा. क्लिअर नावाचा पाच मिनिटवाला वेगळा आहे.

स्टँडर्डच्या मोठ्या पॅकमध्ये एक गंमत आहे जी नवीन माणसाला हमखास गोंधळात टाकते. १८० ग्रॅमच्या पॅकमध्ये रेझिन १०० ग्रॅम आणि हार्डनर ८० ग्रॅम असतं. आता काही जण सांगतात दोन्ही समान घ्या, काही जण म्हणतात १०० ला ८०, आणि दोघंही बरोबर असतात कारण हार्डनर वजनाला हलकं आहे, त्यामुळे वजनाने १०० ला ८० आणि आकारमानाने साधारण एकास एक. घोळ तेव्हा होतो जेव्हा माणूस वजनकाटा घेतो आणि वजनाने समान टाकतो, मग हार्डनर जास्त होतं आणि सुकलेला ग्लू रबरासारखा मऊ राहतो. सोनारी छोटा डिजिटल काटा असेल तर ५ ग्रॅमला ४ ग्रॅम, एका मुठीला हे पुरतं. काटा नसेल तर काचेवर दोन सारख्या लांबी-जाडीच्या रेघा काढा आणि चांगली दोन मिनिटं मळा, कडेचं मधे आणत, कारण कडेला न मिसळलेलं रेझिन राहिलं तर तेवढा भाग कायम चिकट राहतो.

ह्या ग्लूची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो वेळ देतो. मिसळल्यावर तास सव्वा तास आरामात काम करता येतं, स्केल बसवा, पिना घाला, काही वाकडं वाटलं तर काढून परत बसवा, क्लॅम्प लावा, बाहेर आलेला ग्लू पात्याच्या बाजूने इअरबडला अ‍ॅसिटोन लावून पुसा, चहा प्या, परत एकदा पुसा. हे दुसऱ्यांदा पुसणं महत्त्वाचं आहे कारण क्लॅम्पच्या दाबाने नंतर पण थोडा थोडा ग्लू बाहेर येत राहतो आणि तो स्केलच्या पुढच्या कडेला पात्यावर सुकला तर नंतर काढताना पात्यावर ओरखडे येतातच. स्केलची ती पुढची कड चिकटवायच्या आधीच पूर्ण घासून पॉलिश करून ठेवायची, नंतर तिथे पॉलिश पेपर घालायला जागा नसते.

क्लॅम्पबद्दल एक सांगतो, पिळू नका. सी क्लॅम्प हाताने जेवढा सहज बसेल तेवढाच, कारण जास्त आवळलं तर सगळा ग्लू बाहेर येतो आणि आत कोरडा जोड राहतो. म्हणूनच बरेच जण स्केलच्या आतल्या बाजूला मधोमध हलकीशी खोलगट जागा करून ठेवतात, कडेला एक सेंटीमीटर सपाट सोडून, म्हणजे ग्लू आत थोडा साठून राहतो. ही पद्धत मला फार पटते.

सुकायला १० ते १२ तास, पूर्ण ताकद यायला २४ तास, पण हे साधारण २५ डिग्रीचं गणित आहे. डिसेंबरात नाशिक-पुण्याकडे पहाटे जी थंडी असते त्यात ४८ तास धरा, आणि रेझिनची ट्यूब आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा नाहीतर ते इतकं घट्ट असतं की नीट मिसळतच नाही. उलट क्लॅम्प लावलेली सुरी जुन्या पिवळ्या बल्बखाली ठेवली, ४० डिग्रीपर्यंत उबदार, तर काम लवकर होतं आणि जोड जास्त मजबूत होतो. कोकणात, गोव्यात भर पावसाळ्यात मात्र हार्डनरचं झाकण उघडं ठेवू नका, ते हवेतला ओलावा ओढतं आणि वर चिकट थर धरतं.

कमतरता पण सांगायला हव्यात. रंग पिवळसर येतो, शिसव, खैर, बाभूळ असल्या गडद लाकडात दिसत नाही पण फिकट लाकडात रेघ दिसते. त्याला उपाय म्हणजे त्याच लाकडाची बारीक भुकटी थोडी मिसळायची. दुसरी मोठी गोष्ट उष्णता. साधारण ६५-७० डिग्रीच्या पुढे हा ग्लू मऊ पडायला लागतो. बेल्ट ग्राइंडरवर मूठ घासताना लाकूड थंड वाटतं पण पिन तापते, आणि ती उष्णता सरळ आत ग्लूपर्यंत नेते, त्यामुळे बोट पिनवर टेकवून बघायचं, चटका बसला म्हणजे थांबायचं, पाण्यात बुडवायचं, मग पुढे. आणि सुरी उकळत्या पाण्यात टाकायची सवय घरात असेल तर आधीच सांगून ठेवा. कातडीला लागू देऊ नका, नायट्राइलचे हातमोजे घाला, इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा सुरू झाली की आयुष्यभर पिच्छा सोडत नाही.

पाच मिनिटवाले ग्लू, कुठल्याही कंपनीचे असोत, मी मुठीसाठी घेणार नाही. पारदर्शक दिसतात, घाईच्या कामाला उत्तम, फुटलेल्या कपाच्या कानाला जरूर लावा, पण पाण्यात वारंवार भिजणाऱ्या जोडासाठी ते तितके टिकाऊ नसतात आणि मुख्य म्हणजे दोन स्केल, तीन पिना आणि क्लॅम्प एवढं सगळं पाच मिनिटात नीट बसवणं म्हणजे नुसती धावपळ. फेव्हिक्विक कडक आणि ठिसूळ, दणका बसला की तडकतो, मूठ त्याच्या भरवशावर ठेवू नका. पण त्याचे दुसरे उपयोग भारी आहेत: लाकडातली बारीक भेग भरायला, भोक पाडताना दोन स्केल तात्पुरती एकमेकांना धरून ठेवायला, स्केल आणि स्टीलच्या मधे घालायची पातळ रंगीत पट्टी, म्हणजे लायनर, जागेवर पकडायला. एम-सील स्केलखाली नको, थर जाड राहतो. शेपटीवाल्या मुठीत मोठं पोकळ भोक भरायला चालतो, तरी मी तिथेही अ‍ॅरल्डाइटमध्ये लाकडाची भुकटी घट्ट मिसळून भरणं पसंत करतो.

शेपटीवाल्या सुरीवरून लाखेचं सांगायला हवं. शेपटी तापवून, भोकात लाख किंवा राळ भरून मूठ बसवायची पद्धत जुनी आणि अजून जिवंत आहे, नेपाळी खुकरीच्या मुठी आजही अशाच लाखेने बसवतात. ह्या पद्धतीचा मला मनापासून आदर आहे. मूठ तुटली तर पुन्हा तापवून काढता येते, नवीन बसवता येते, लाख पाण्याला दाद देत नाही, आणि शेंबी घट्ट असेल तर कोयता वर्षानुवर्षं चालतो. फक्त गरम पाण्यात आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर लाख मऊ पडते, आणि फुल टँगच्या सपाट स्केलला ती चालत नाही, तिथे धरायला तिला पोकळी नसते.

बाहेरचे ग्लू, जे-बी वेल्ड किंवा वेस्ट सिस्टिमचा जी-फ्लेक्स, चांगलेच आहेत. जी-फ्लेक्स थोडा लवचीक राहतो आणि तेलकट लाकडाला छान धरतो, अमेरिकेतल्या बऱ्याच सुरी बनवणाऱ्यांचा तो आवडता. पण इथे मागवताना जी किंमत पडते ती बघता, साग किंवा शिसवाला चिकटवायच्या आधी आतल्या बाजूवर अ‍ॅसिटोनचं कापड फिरवलं आणि लगेच चिकटवलं की अ‍ॅरल्डाइट पण तेच काम करतो.

आता पिना. पितळ सगळ्यांना आवडतं, मलाही, शिसवात पितळेचे तीन ठिपके म्हणजे देखणं काम. मिळायलाही सोपं, पुण्यात बोहरी आळीत किंवा तांबट आळीकडे, मुंबईत गुलालवाडीत वजनावर रॉड मिळतो. पण घेताना विचारा की फ्री कटिंग आहे का. फ्री कटिंग पितळेत शिसं असतं, लेथवर ते सुंदर कापलं जातं पण डोकं ठोकून पसरवायला गेलात तर कडेला बारीक चिरा पडतात. नुसती सरळ पिन ग्लूने बसवून सपाट घासायची असेल तर काही प्रॉब्लेम नाही. ठोकायची असेल तर रिव्हेटिंगचं मऊ पितळ मागा, किंवा तांबं घ्या, तांबं हातोडीखाली लोण्यासारखं पसरतं. पितळेची दुसरी बाजू म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं लिंबू, चिंच, कोकम. आंबट लागलं आणि ओलंच राहिलं की हिरवट डाग येतात, लाकडातही उतरतात. रोज पुसणारं घर असेल तर पितळ, नाहीतर नाही.

म्हणून रोजच्या सुरीला माझं मत स्टेनलेसला. टिग वेल्डिंगचे फिलर रॉड, ३०८एल किंवा ३१६एल, एक मीटरची सरळ कांडी, अगदी एकसारखी जाडी, वेल्डिंगच्या दुकानात किलोवर मिळतात आणि ओळख असेल तर चार कांड्या सुट्याही देतात. १.६, २.४ आणि ३.२ एमएम सहज मिळतात, त्यातला ३.२ म्हणजे जवळपास परदेशी पुस्तकांमधली एक अष्टमांश इंची पिन. एका कांडीत कितीतरी सुऱ्या होतात. वापरायच्या आधी १२० च्या पेपरने गोल फिरवत खरवडा आणि मधल्या भागात कानशीच्या कडेने दोन-तीन बारीक खाचा पाडा, ग्लू त्या खाचांत बसून सुकला की पिन नुसती ओढून निघत नाही. छोटी गोष्ट आहे पण मी ती कधीच सोडत नाही.

भोकाचं माप: स्केलला ३.२ च्या पिनसाठी ३.२ चंच ड्रिल, आणि टँगला ३.५. टँगमध्ये थोडी ढिलाई असली की तीनही पिना एकावेळी सरळ जातात आणि ग्लूलाही जागा मिळते. टँगची भोकं हार्डनिंगच्या, म्हणजे स्टील तापवून कडक करण्याच्या, आधीच पाडायची, नंतर साधं एचएसएस ड्रिल नुसतं घसरतं. पिन आत जाताना हातोडी मारावी लागत असेल तर थांबा, स्केल फाटेल, विशेषतः शिसव, जो पिनच्या भोकापासून कडेपर्यंत सरळ रेषेत चिरतो. कडेपासून निदान ८-१० एमएम आत भोक ठेवा.

अ‍ॅल्युमिनियमच्या पिना स्वस्त आणि हलक्या पण लवकर झिजतात, हाताला काळं लावतात, मला नको वाटतात. मोझॅइक पिना, म्हणजे नळीत बारीक तारा आणि नळ्यांची नक्षी इपॉक्सीने भरलेली, ह्या दिसायला अप्रतिम आहेत, भेट द्यायच्या सुरीला एक मधोमध आणि दोन साध्या बाजूला अशी रचना फार खुलते. फक्त त्या ठोकायच्या नाहीत, आणि घासताना जास्त तापवायच्या नाहीत, आतलं इपॉक्सी सुटतं. ऑनलाइन घेताना व्हर्नियर लावून मापा. एका विक्रेत्याकडून ६ एमएम म्हणून आलेल्या पिना ५.७ भरल्या आणि परत घ्यायला त्याने साफ नकार दिला, तेव्हापासून पिन हातात आल्याशिवाय मी भोक पाडत नाही.

मोठी कामाची सुरी, लाकूड तोडायचा किंवा ऊस तोडायचा कोयता असेल आणि तो फुल टँग असेल तर साध्या पिनेऐवजी कॉर्बी बोल्ट बघा. दोन तुकडे, एकात आटे बाहेरून, एकात आतून, डोकी जाड, दोन्ही बाजूंनी स्क्रू ड्रायव्हरने आवळले की डोक्याखालची पायरी लाकडाला धरून ठेवते आणि नंतर वरचं डोकं खाचेसकट घासून सपाट करायचं. ग्लू समजा पूर्ण सुटला तरी मूठ हातात राहते, दणक्याच्या हत्याराला हीच खरी सुरक्षितता. अमेरिकन कारागीर बॉब लव्हलेस ह्यांच्या नावाने ओळखले जाणारे लव्हलेस बोल्ट त्याच जातीचे. इथे तयार बोल्ट महाग पडतात, पण नमुना दाखवला तर एमआयडीसीतला कुठलाही बरा लेथवाला स्टेनलेसमध्ये करून देतो, थोडे जास्त करून घ्या म्हणजे परवडतं. पायरीचं भोक नीट एका रेषेत पाडायला ड्रिल प्रेस लागतंच, हँड ड्रिलने ह्याच्या नादी लागू नका.

लाकडाऐवजी परदेशी मायकार्टा हवा असेल तर आपल्याकडे इलेक्ट्रिकल इन्सुलेशनवाल्यांकडे कापडी हायलम शीट मागा, मुंबईत लोहार चाळीच्या परिसरात चौकशी करा. जातकुळी तीच, कापड आणि फिनॉलिक रेझिन. फुगत नाही, आकसत नाही, त्यामुळे ग्लूवरची ओढाताणच संपते, आणि मासे साफ करायच्या सुरीला ह्याच्यापेक्षा चांगलं काही नाही. चिकटवायची बाजू मात्र कडक खरवडा, वरचा चकचकीत थर पूर्ण जाईपर्यंत, आणि घासताना मास्क घाला, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

शेवटचं, जुनी मूठ काढायची कशी, कारण हे बरेच जण विचारतात. पिनच्या डोक्यावर मधोमध सेंटर पंच मारून थोड्या लहान ड्रिलने पोखरा, मग पातं ओल्या जाड फडक्यात गुंडाळा म्हणजे त्याचं टेंपर, म्हणजे स्टीलचा कडकपणा, उतरणार नाही, आणि मुठीला हीट गनची हवा हळूहळू द्या. १०० डिग्रीच्या आसपास इपॉक्सी चीजसारखं मऊ होतं, तेव्हा पातळ पटाशी मागच्या टोकाकडून आत सरकवा, धारेकडून कधीच नाही, आणि स्केल सुटलं की उरलेला ग्लू गरम असतानाच खरवडून काढा, थंड झाल्यावर त्याच्याशी झगडत बसावं लागतं.